तुटण्याच्या क्षणी

जुन्या आउटबोर्ड मोटारीचं फ्लायव्हील काढलं की खाली जी रचना दिसते, ती पहिल्या वाचनात बहुतेकांना उलटी समजते. दोन पॉइंट एकमेकांना टेकले की ठिणगी पडत असेल, असं वाटतं. घरातल्या दिव्याचं बटण आपण आयुष्यभर तसंच वापरलेलं असतं. जोडलं की उजेड, तोडलं की अंधार. या रचनेत, म्हणजे मॅग्नेटोत, मात्र पॉइंट टेकलेले असतात तोवर प्लग गप्प असतो आणि ते विलग होतात त्या क्षणी सिलिंडरमध्ये ठिणगी उडते. या एका उलटेपणापायी मला या यंत्रभागाचं रसग्रहण करावंसं वाटलं. इंजिन का सुरू होत नाही, हेही इथूनच वाचत जावं लागतं.

आधी रचना नीट बघू. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेत चुंबक बसवलेले असतात. खाली एक स्थिर प्लेट, तिच्यावर लोखंडी पत्र्यांच्या चवडीभोवती गुंडाळलेली कॉइल. कॉइलमध्ये तारेचे दोन थर: एक जाड तारेच्या थोड्या वेढ्यांचा, दुसरा अतिशय बारीक तारेच्या हजारो वेढ्यांचा. दोरी ओढली की चुंबक कॉइलवरून सरकतात, लोखंडातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या नियमाप्रमाणे जाड तारेत वीज वाहू लागते. तिला वाट मिळते ती टेकलेल्या पॉइंटमधून. मग क्रँकशाफ्टवरचा कॅम एका पॉइंटला ढकलतो, वाट तुटते, वीज थांबते आणि क्षेत्र कोसळतं. हे कोसळणं जितकं झपाट्याचं, तितका बारीक तारेतला दाब मोठा. तो दहा-पंधरा हजार व्होल्टच्या घरात जातो आणि प्लगच्या फटीवरून उडी घेतो. बॅटरी नाही, बाहेरून आणलेली वीज नाही. एका माणसाने दोरीला दिलेला हिसका एवढंच भांडवल. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत आउटबोर्ड मोटारींची कंपनी काढली. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन आणि बॅटरीवाचून पडणारी ठिणगी यांची जोडी पुढे जमली ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

वर्धा जिल्ह्यात बसून हे का लिहायचं, असं कुणी विचारेल. समुद्र इथून फार लांब. पण वर्धा, वणा, धाम, बोर, यशोदा या नद्या ज्यांनी पावसाळ्यात पाहिल्या आहेत, ते हा प्रश्न विचारणार नाहीत. २०२२ च्या जुलैत हिंगणघाटकडे पाणी वस्तीत शिरलं होतं. एरवी इथल्या धरणांच्या पाण्यात मासेमारी चालते ती डोंग्यांवर, हाताच्या जोरावर. मोटर लागते ती पूर आला की, रबरी बोटीला. बचावपथकातली मंडळी तिला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात.

आणि इथेच या जिल्ह्यातल्या मोटारीचं दुखणं कोकणातल्या मोटारीपेक्षा वेगळं होतं. कोकणात मोटर रोज चालते, खारं पाणी खाते आणि झिजून मरते. आपल्याकडची मोटर वर्षातले बहुतेक महिने शेडमध्ये उभी असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. मग एकदम पाऊस, आणि हवेत ओल. चालून चालून बिघडण्याइतकं तिला कधी चालायलाच मिळत नाही. ती उभ्या उभ्या बिघडते. म्हणून वर्ध्यात आउटबोर्डचा करंट शोधणारा माणूस बहुधा झीज शोधत नाही, तो पॉइंटवर धरलेली साय शोधत असतो.

हा शोध कुठून सुरू करायचा, यात सगळी रसिकता आहे. घाईचा माणूस थेट फ्लायव्हीलच्या नटाला हात घालतो. जाणता माणूस आधी विचारतो की मुद्दा ठिणगीचा आहे की इंधनाचा. आमच्याकडच्या मिस्त्री लोकांचं हे शिक्षण स्कूटरवर झालं. आणि त्या स्कूटरचं नातं वर्ध्याशी आहे. जमनालाल बजाजांना ज्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलं, त्या वर्ध्याच्या सेठ बच्छराजांच्या नावाची ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ मध्ये निघाली, तिचीच पुढे बजाज ऑटो झाली, आणि १९७२ मध्ये चेतक आली. चेतकच्या फ्लायव्हीलखालीही हेच पॉइंट, हाच कंडेन्सर, हीच कॉइल. सुरू होत नसली की लोक ती आडवी कलंडवत, आठवतं? ती सगळी खटपट पेट्रोलच्या बाजूची होती. करंटशी तिचा काही संबंध नव्हता. तरी कित्येकदा त्याच सकाळी पॉइंटही घासले जात, आणि स्कूटर सुरू झाली की श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नसे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा शोधाचा पहिला नियम तिथे मोडला जाई. इंजिन सुरू होतं, पण वाचन फसतं; पुढच्या वेळी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तेव्हा आधी प्लग काढायचा आणि त्याच्याकडे बघायचं. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग सांगतो की इंधन पोचतंय, पेटत नाहीये. कोरडा ठणठणीत प्लग सांगतो की कार्ब्युरेटरकडे वळा, मॅग्नेटोला उगीच छळू नका. दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे फटीत काजळीचा पूल तयार होऊन ठिणगी उडी न मारता त्या पुलावरून चालत जाते, असंही होतं. नवा प्लग लावून बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रश्न आहे, म्हणून तो सगळ्यात आधी विचारायचा.

मग ठिणगी मोजायची. मोजायची म्हणजे खरोखर मोजायची. प्लग इंजिनच्या अंगाला टेकवून दोरी ओढली आणि काहीतरी चमकलं, एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ फसलेत. उघड्या हवेत प्लगच्या बारक्या फटीवरून उडणारी ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली दम तोडू शकते. म्हणून साधारण सहा मिलीमीटरची फट घ्यायची. लाकडी फळीवर समोरासमोर दोन खिळे ठोकले तरी काम भागतं. एका खिळ्याला प्लगची वायर, दुसरा इंजिनच्या धातूला जोडलेला. दोरी ओढल्यावर एवढी फट ओलांडून निळी, कडक, टचकन आवाज करणारी ठिणगी आली तर मॅग्नेटो निर्दोष धरायला हरकत नाही. पिवळट, बारीक, कधी येणारी कधी न येणारी ठिणगी म्हणजे आत काहीतरी अर्धवट जुळतंय किंवा अर्धवट तुटतंय. ही तपासणी प्लगच्या भोकापासून लांब करायची, कारण दोरी ओढताना तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते.

मोटर दोन सिलिंडरची असेल तर या वेळी दुसऱ्या सिलिंडरची वायर मोकळी सोडणं ही मोठी चूक असते. एका गॅरेजमध्ये हे शिकवणं चाललेलं मी ऐकलंय. पोरगा दोरी ओढायला सरसावला तसे मिस्त्री ओरडले, "वायर लोंबती ठेवू नोको रे बाप्पा, कॉइल जाईन!" कारण असं की तयार झालेल्या दाबाला बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर तो कॉइलच्याच आतलं आवरण फोडून वाट काढतो. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला मागच्या बाजूने नट खोलायची घाई झाली होती. त्यांना मिस्त्री शांतपणे म्हणाले, "काहून घाई करता भाऊ? पयले दोन्ही बाजूचा करंट पाहू द्या, मंग उघडू."

दोन्ही बाजूचा करंट. दोन सिलिंडरच्या जुन्या मोटारीत प्रत्येक सिलिंडरला स्वतःची कॉइल, स्वतःचे पॉइंट, स्वतःचा कंडेन्सर असतो. एका बाजूला चांगली ठिणगी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तर फ्लायव्हील आणि त्यातले चुंबक निर्दोष सुटले, कारण ते दोघांना समाईक आहेत. दोष मेलेल्या बाजूच्या तीन-चार वस्तूंत आहे, आणि चांगली बाजू शेजारीच तुलनेला हजर आहे. तिकडचा कंडेन्सर इकडे लावून बघा. दोष त्याच्याबरोबर बाजू बदलतो का? यंत्राने स्वतःच्याच पोटात निर्दोष नमुना सांभाळून ठेवलेला असतो, हे मला फार आवडतं. दोन्ही बाजू मेलेल्या असतील तर उलट विचार करायचा: दोघांना समाईक काय आहे?

समाईक असते ती बंद करायची वायर. इथे पुन्हा तो उलटेपणा भेटतो. मॅग्नेटोचं इंजिन बंद करायचं बटण काहीही तोडत नाही, ते जोडतं. पॉइंट उघडले तरी वीज जमिनीला, म्हणजे इंजिनच्या अंगाला, मिळतच राहावी अशी दुसरी वाट ते तयार करतं. वाट तुटली नाही की क्षेत्र कोसळत नाही, क्षेत्र कोसळलं नाही की ठिणगी नाही. म्हणजे या वायरचं आवरण कुठेतरी पत्र्याला घासून उघडं पडलं, तर बटणाला हात न लावता इंजिन कायमचं बंद. उंदरांनी कुरतडलेली वायरही हेच करते, आणि शेडमध्ये उभ्या मोटारीला उंदीर नवे नाहीत. नंतरच्या मोटारींत चालकाच्या मनगटाला बांधायची दोरी असते. तो पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन थांबतं. ती क्लिप जागेवर नसली की पुरात उभे राहून कितीही दोरी ओढा, काही होत नाही. म्हणून काहीही उघडण्याआधी ही वायर मॅग्नेटोजवळ सोडवून पुन्हा ठिणगी बघायची. आली, तर अर्ध्या तासाचं काम अर्ध्या मिनिटात झालं.

आता फ्लायव्हील काढायला हरकत नाही. नट सैल करून पुलर लावायचा. हातोड्याने ठोकायचं नाही, ठोक्यांनी चुंबकांची ताकद जाते आणि क्रँकशाफ्टचं टोकही. फ्लायव्हील सुटतं ते एकदम, टक्‌ करून. खाली पॉइंट दिसतात: वाटाण्याहून लहान दोन गोल टिकल्या, एक स्थिर, एक स्प्रिंगच्या जोरावर तिला टेकलेली. चालत्या इंजिनात त्या टिकल्यांचा पृष्ठभाग स्वच्छ राहतो. वर्षभर उभ्या इंजिनात तिथे राखाडी, मंद साय धरते. डोळ्यांना ती मळही वाटणार नाही. पण विजेच्या दृष्टीने टेकलेले पॉइंट आता टेकलेलेच नसतात. जुळलेलं दिसतं आणि जुळलेलं नसतं, असा हा दोष आहे, आणि वर्ध्यासारख्या ठिकाणी पहिला संशय घ्यायचा तो याचाच.

मल्टिमीटरने हे तपासताना एक बारकी खोच आहे. कॉइलची जाड तार एका टोकाला इंजिनच्या अंगाला जोडलेली असते आणि तिचा रोध अगदी थोडा. ती वायर सोडवल्याशिवाय मीटर लावला, तर पॉइंट बंद असोत की उघडे, मीटर कॉइलमधून वाट काढून जवळपास शून्यच दाखवतो. निष्कर्ष निघतो की पॉइंट ठीक आहेत. आधी कॉइल सुटी करायची, मग टेकलेल्या पॉइंटमधून मीटर लावायचा. शून्याच्या जवळ आकडा स्थिर राहिला तर साय नाही. आकडा नाचत असेल तर बारीक कानस हलक्या हाताने फिरवायची, नंतर स्पिरिटमध्ये बुडवलेला जाडसर कोरा कागद पॉइंटमधून ओढून घ्यायचा. शेवटचा कागद महत्त्वाचा. कानशीची भुकटी किंवा बोटाचं तेल मागे राहिलं, तर साफ केल्यावर इंजिन आधीपेक्षा वाईट होतं आणि माणूस भलत्याच भागाला दोष देतो.

साफ झाल्यावर अंतर. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या मोटारींत पॉइंट पूर्ण उघडलेले असताना ते ०.०२० इंच ठेवतात, म्हणजे अर्धा मिलीमीटर. कॅमचा उंच भाग पॉइंटच्या टाचेखाली आणून फीलर गेज घालायचा. पट्टी हलकी अडत सरकली पाहिजे. हे अंतर फक्त अंतर नसतं. ते वाढवलं की पॉइंट लवकर उघडतात, घटवलं की उशिरा. जागा बदलली की वेळ बदलते. एका स्क्रूने दोन्ही अर्थ एकदम सांगावेत, ही काटकसर पाहून कारागिराबद्दल आदर वाटतो.

कंडेन्सरला मी या रचनेतलं सगळ्यात दुर्लक्षित पात्र मानतो. अंगठ्याएवढी धातूची डबी, पाव मायक्रोफॅरडच्या आसपास क्षमता, पॉइंटना समांतर जोडलेली. पॉइंट विलग होऊ लागतात तेव्हा वीज सहजासहजी थांबायला तयार नसते. नुकत्याच पडलेल्या फटीतून ती ठिणगी काढून जात राहते. कंडेन्सर त्या क्षणी तिला पोटात घेतो आणि तुटणं स्वच्छ होतं. तो बिघडला की पॉइंटमध्येच निळी आग दिसते, क्षेत्र हळूहळू कोसळतं आणि प्लगपर्यंत पोचते ती अशक्त पिवळी ठिणगी. त्याची खूण पॉइंटवर उमटते: काळवंडलेल्या, जळक्या टिकल्या, एकीवर खड्डा आणि दुसरीवर त्याच आकाराचा उंचवटा. असे पॉइंट दिसले की फक्त घासून परत बसवणाऱ्याला काही दिवसांनी पुन्हा तेच दिसणार. पॉइंटवरची साय जुळणं बिघडवते आणि मेलेला कंडेन्सर तुटणं बिघडवतो. वरवर दोन्हींचं लक्षण एकच, दुबळा करंट. म्हणून टिकल्यांचा पृष्ठभाग भिंगाखाली बघावा असं मी म्हणतो.

कॉइलबद्दल थोडक्यात. १९५० च्या दशकातल्या मोटारींमध्ये कॉइलवरचं आवरण वयाने तडकतं. उन्हाळ्याच्या भाजणुकीनंतर पावसाची ओल त्या तड्यांत शिरते आणि दाब प्लगपर्यंत न जाता वाटेतच जमिनीला मिळतो. अंधारात दोरी ओढली तर ही गळती कधीकधी निळसर चमकताना दिसते. याहून फसवी कॉइल ती, जी थंड असताना उत्तम चालते. इंजिन सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं, तापल्यावर बंद पडतं, तासाभराने पुन्हा सुरू. बाकावर तपासताना सगळं ठीक, कारण बाकावर ती थंड असते. म्हणून मोटर पाण्याच्या ड्रममध्ये उभी करून चांगली तापेपर्यंत चालवायला हवी. पाण्याशिवाय चालवायची नाही, थंड करणाऱ्या पंपाचं रबरी चाक लगेच जळतं. पावसाळ्याआधीच्या तयारीत मोटर "सुरू होते" एवढी नोंद पुरेशी धरू नये, ती तापूनही चालते का हे बघावं. पुरात बोट घेऊन गेलेल्या माणसाला दहाव्या मिनिटानंतरच्या मोटारीची गरज जास्त असते.

सगळ्यात सुंदर दोष मी शेवटी ठेवलाय. ठिणगी निळी, कडक, दोन्ही बाजूंना. प्लग ओला, म्हणजे इंधन आहे. सिलिंडरमधला दाबही चांगला. आणि तरीही इंजिन धरत नाही. दोरीला उलटा झटका बसतो किंवा कार्ब्युरेटरमधून ते शिंकतं. सगळे पुरावे निर्दोष, निकाल मात्र दोषी. अशा वेळी फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधली अर्धचंद्री चावी काढून बघायची. फ्लायव्हील शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसतं ते नटाच्या दाबाने. सगळा भार तो निमुळता भाग पेलतो. चावीचं काम फक्त जागा दाखवण्याचं. नट सैल राहिला की भार चावीवर येतो आणि ती थोडीशी कातरली जाते, एखाद-दोन मिलीमीटर. फ्लायव्हील तेवढंच सरकतं, चुंबक कॉइलसमोर वेळेवर येत नाहीत. काही मोटारींत कॅमही फ्लायव्हीलबरोबरच सरकतो, आणि मग ठिणगी पूर्ण ताकदीची असते पण पिस्टन भलतीकडेच. गाणं सुरेल आहे, ताल पक्का आहे आणि गवई समेवर मात्र येत नाही, तसं. ठिणगी आहे का, हा प्रश्न इथवर पुरला. इथे विचारावं लागतं, ठिणगी केव्हा आहे? स्वस्तातला, बोटाच्या पेराएवढा तुकडा बदलायचा, नट योग्य जोराने आवळायचा, आणि इंजिन पहिल्या-दुसऱ्या हिसक्यात बोलतं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आउटबोर्ड मोटारींत सीडीआय येऊ लागलं आणि पॉइंट हळूहळू गेले. तिथे कॅपॅसिटरमध्ये वीज आधी साठवतात आणि इलेक्ट्रॉनिक स्विच जोडला गेला की ती एकदम कॉइलमध्ये ओततात. म्हणजे त्या इंजिनात ठिणगी खरोखरच जोडण्याच्या क्षणी जन्मते. साय धरायला पॉइंट नाहीत, अंतर लावायचं नाही, ठिणगीही जास्त कडक. पूरबचावासाठी मोटर निवडायची असेल तर मी निःशंकपणे सीडीआयची निवडीन. माणसांचे जीव ज्या इंजिनावर आहेत त्याने वर्षभर उभं राहूनही पहिल्या हिसक्याला साथ दिली पाहिजे. पण त्या मोटारीचा करंट गेला की हातात राळ ओतून बंद केलेला एक डबा येतो. आत काय बिघडलं ते त्याच्याकडे पाहून कळत नाही. तो बदलायचा, आणि नवा येईपर्यंत थांबायचं. जुनी मॅग्नेटोची मोटर बंधाऱ्यावर, चिखलात, पुलर, फीलर गेज, बारीक कानस आणि एक जादा कंडेन्सर यांच्या जोरावर परत चालू करता येते. जिल्ह्यात अशी मोटर अजून कुठे शेडमध्ये उभी असेल, तर ती भंगारात घालण्याआधी कुणीतरी तिचं फ्लायव्हील उघडावं, कॉइल सुटी करून पॉइंटना मीटर लावावा, आणि मे महिन्यातच ड्रममध्ये तापेपर्यंत चालवून बघावी.